धूमकेतू नसलेल्या गोष्टींची यादी

शार्ल मेसियेचं अक्षर सुरेख होतं. एवढ्या भांडवलावर त्याला १७५१ साली पॅरिसमध्ये दलिल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाकडे नोकरी लागली. आधी नकाशे उतरवून काढायचे, नोंदी सुवाच्य लिहायच्या, मग हळूहळू रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसायचं. एडमंड हॅलेने भाकीत करून ठेवलं होतं की १६८२ साली आलेला धूमकेतू १७५८च्या सुमारास परत येईल. भाकीत करून हॅले १७४२मध्ये वारलाही, त्यामुळे चुकलं तर जाब विचारायची सोय नव्हती. तो धूमकेतू आकाशात नेमका कुठे दिसेल याचा नकाशा दलिलसाहेबांनी काढला आणि मेसियेच्या हाती दिला. मेसियेने जवळजवळ दीड वर्ष त्या नकाशाबरहुकूम आकाश धुंडाळलं. नकाशा चुकलेला होता. पण साहेबांचा नकाशा चुकलाय असं कारकुनाने म्हणायचं नसतं, ही रीत पॅरिसमध्येही होती.

तिकडे जर्मनीत ड्रेस्डेनजवळ योहान पालिच नावाचा एक शेतकरी हौसेने आकाश बघायचा. त्याच्याकडे दलिलचा नकाशा नव्हता, हीच त्याची जमेची बाजू. १७५८च्या नाताळच्या रात्री त्याला तो धूमकेतू दिसला. मेसियेला सापडला २१ जानेवारी १७५९ला. तो धावत साहेबांकडे गेला, तर साहेब म्हणाले, कुणाला सांगू नकोस. बिचारा गप्प राहिला. अखेर १ एप्रिलला जाहीर करायची परवानगी मिळाली, तेव्हा पॅरिसमधल्या इतर विद्वानांनी विश्वास ठेवायला नकार दिला. तारीख बघता त्यांना दोष देववत नाही.

या शोधाशोधीत मेसियेला आणखी एक ताप झाला. आकाशात धुरकट वस्तू फार. दुर्बिणीत एखादा पुसट ठिपका यायचा, मेसिये हरखायचा आणि पुढच्या रात्री बघावं तर ठिपका जागचा हललेला नसायचा. धूमकेतू रोज ताऱ्यांमधून थोडा थोडा सरकतो. जो सरकत नाही तो धूमकेतू नव्हे. ऑगस्ट १७५८मध्ये वृषभ राशीत असाच एक ठिपका त्याला भेटला, ज्याला आज आपण क्रॅब नेब्युला म्हणतो. पुन्हा फसायला नको म्हणून त्याने वैतागून यादीच करायला घेतली: धूमकेतू नसलेल्या गोष्टींची यादी. १७८१पर्यंत ती १०३वर गेली. तिच्यात कृत्तिकासुद्धा आहेत. कृत्तिकांना धूमकेतू समजणारा माणूस अख्ख्या पॅरिसमध्ये भेटला असेल असं वाटत नाही. पण एकदा यादी करायला बसलं की माणसाचा हात थांबत नाही.

आता गंमत बघा. मेसियेने स्वतः डझनभर धूमकेतू शोधले. त्यातल्या एकाचं नाव हौशी आकाशवाल्यालासुद्धा पटकन सांगता येणार नाही. यादी मात्र जगभर तोंडपाठ. मार्च महिन्यात रात्रभर जागून त्या यादीतल्या वस्तू बघून काढायच्या मॅरेथॉन भरतात. म्हणजे धूमकेतू नसलेल्या गोष्टी बघायला लोक आता मुद्दाम जातात.

मला मेसिये फार जवळचा वाटतो. धूमकेतू बघायला जाणाऱ्याच्या पदरात अखेर पडतं ते हेच. धूमकेतू क्वचित. धूमकेतू नसलेल्या गोष्टींचं ज्ञान मात्र दांडगं.

आमच्याकडच्या यादीत पहिला मान शुक्राचा. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र असला की निम्मी गर्दी त्याच्यावरच समाधान मानून घरी जाते. ‘केवढा तेजस्वी हो!’ म्हणत जाते. त्यांना परत बोलावून ‘तो शुक्र होता, तो वर्षातून कित्येक महिने असाच दिसतो’ हे सांगण्याचा क्रूरपणा संयोजक करत नाहीत. मग विमानं. मग मावळतीच्या उन्हात केशरी झालेली विमानाची शेपटी, जी खऱ्या धूमकेतूपेक्षा धूमकेतू म्हणून शंभर पट शोभते. मोबाइल टॉवरचा लाल दिवा. टेकडीवरच्या देवळाचा दिवा. दिवाळीत कुणीतरी सोडलेला उडता कंदील. द्विनेत्रीच्या काचेवर जमलेलं दव. आणि सर्वांत जास्त वेळा, स्वतःचीच पापणी. नव्याने द्विनेत्री हाती आलेल्या माणसाने ‘शेपूट दिसतंय, जाड आहे, काळसर आहे, हलतंय’ असं वर्णन सुरू केलं की अनुभवी मंडळी शांतपणे सांगतात, डोळा जरा मागे घ्या.

२०२४च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-ॲटलस आला. हे नाव ज्याला एका दमात म्हणता येईल त्यालाच धूमकेतू दाखवायचा असा नियम केला असता तर गच्चीवरची गर्दी आवरली असती. चीनमधल्या एका वेधशाळेचं नाव आणि दक्षिण आफ्रिकेतून आकाश चाळणाऱ्या एका यंत्रणेचं नाव, दोघांनी तो आगेमागे टिपला म्हणून हे जोडनाव. १२ तारखेला, नेमका दसऱ्याला, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. जवळ म्हणजे सात कोटी किलोमीटरवर. आमच्या सोसायटीतले फ्लॅट ‘गावापासून अगदी जवळ’ म्हणून विकले गेल्यामुळे त्या शब्दाबद्दल आमच्या अपेक्षा आधीच माफक होत्या. गाव दूर असल्याचा एक फायदा असा की पश्चिमेला अजून थोडा अंधार शिल्लक आहे. म्हणून ठरलं, गच्चीवरून बघायचं.

गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. धूमकेतू ऐंशी हजार वर्षांनी आलाय हे सांगितल्यावर त्यांनी ती दिली, पण खाली नोटीस लावली: ‘धूमकेतू पाहण्यास येणाऱ्या सभासदांनी पाण्याच्या टाकीच्या झाकणावर बसू नये.’

पावणेसातला मंडळी जमली. चौथ्या मजल्यावरच्या इंजिनियरकडे द्विनेत्री. कॉलेजातल्या मुलाकडे ॲप. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे १९८६च्या हॅलेचा अनुभव. बाकीच्यांकडे चिवडा. काकांनी बॅटरीला लाल जिलेटिन कागद बांधून आणला होता, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड क्षणभर पडला तरी सगळं मुसळ केरात. लाल उजेड त्या मानाने सोसतो. हे काकांनी सर्वांना समजावून सांगितलं, आणि सांगताना दिसावं म्हणून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला. पुन्हा वीस मिनिटं.

ॲपने दाखवलं की धूमकेतू पाण्याच्या टाकीत आहे. लोखंडाजवळ मोबाइलमधलं होकायंत्र बिघडतं, हे कारण नंतर कळलं. त्याआधी दोघंजण टाकीमागे जाऊन आले. मग काका म्हणाले, ॲप ठेवा, मुठी मोजा. हात लांब केला की एक मूठ म्हणजे दहा अंश. त्यावर वाद झाला की कुणाची मूठ. मूठ मोठी असते त्याचा हातही लांब असतो, त्यामुळे लहानथोर सगळ्यांना हिशेब एकच येतो, ही निसर्गाची मोठीच सोय आहे. पण ती पटेपर्यंत गच्चीवर वीसेक माणसं पश्चिमेकडे मुठी उगारून उभी होती आणि समोरच्या इमारतीतले लोक बाल्कनीत आले होते.

‘डावीकडे खाली शुक्र, उजवीकडे स्वाती,’ काका सांगत होते. ‘दोघांच्या मधे, जरा वर.’

एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वाळत घातलेले कपडे न्यायला आल्या. दोरीवरचे चिमटे काढता काढता म्हणाल्या, ‘ते काय हो पांढरं?’

काकांनी तिकडे न बघताच सांगितलं, ‘विमानाचा धूर.’

‘मघाशी उशा न्यायला आले तेव्हाही तिथेच होता.’

‘राहतो कधी कधी. हवा पडलेली असली की.’

काकू कपडे घेऊन खाली गेल्या. इंजिनियरने दक्षिण बाजू पुन्हा एकदा तपासून घेतली. पाचदहा मिनिटांनी त्या कॉलेजातल्या मुलाने सहज म्हणून रात्रीचे फोटो काढायचा मोड लावून पश्चिमेचा फोटो घेतला, तर फोटोत काकूंचा पांढरा धूर, खाली ठसठशीत डोकं आणि वर लांबलचक शेपूट. आता सगळ्यांनी डोळे ताणून पाहिलं. होता. पाटीवरचं अक्षर ओल्या बोटाने पुसल्यावर जेवढं उरतं तेवढाच, पण होता.

‘तोच,’ काका म्हणाले. ‘मी म्हणतच होतो, दोघांच्या मधे.’

काकूंना खालून बोलवावं असं कुणीतरी सुचवलं. एक मुलगी पळत गेली आणि परत आली. काकूंनी निरोप दिला होता, ‘मघाशी बघितला मी. आता कणीक भिजवतेय.’

मेसियेचं दुखणं हेच. यादी वाढत जाते, माणूस तयार होत जातो, आणि एक दिवस खुद्द धूमकेतू येऊन उभा राहिला तरी त्याला यादीत टाकून मोकळा होतो.

आता त्या फोटोबद्दल. कॅमेरा काही सेकंद उजेड साठवत बसतो. डोळ्याला ती सोय नाही, डोळा जे आलं ते लगेच खर्चून टाकतो. म्हणून हल्ली गच्चीवरचे लोक धूमकेतूकडे पाठ करून मोबाइलमध्ये धूमकेतू बघतात. ज्यांना तो डोळ्यांनीच बघायचाय त्यांच्यासाठी अनुभवी मंडळींचा सल्ला असतो: त्याच्याकडे थेट बघू नका. हा टोमणा नाही, शरीरशास्त्र आहे. अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी नजरेच्या मध्यावर नसतात, कडेला असतात. म्हणून जे बघायचंय त्याच्या किंचित बाजूला बघावं, मग ते दिसतं. त्यामुळे धूमकेतू बघणाऱ्या जाणकारांचा जथा ओळखायचा कसा, तर त्यातला एकही जण धूमकेतूकडे बघत नसतो.

दुसरी अडचण आकड्यांची. बातमीत येतं की धूमकेतूची प्रत चार आहे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसायला हरकत नाही. चौथ्या प्रतीचा तारा दिसतोही. पण ताऱ्याचा उजेड एका बिंदूत असतो आणि धूमकेतूचा तेवढाच उजेड आकाशाच्या ऐसपैस तुकड्यावर पसरलेला असतो. प्रत मोजताना तो सगळा गोळा करून मोजतात. गोळा केलेला उजेड कागदावर राहतो, पसरलेला आपल्या वाट्याला येतो. मग ‘दिसला का?’ या प्रश्नाला उत्तर देताना माणसाचा स्वभाव कळतो. ज्याने द्विनेत्रीवर पैसे घातलेत त्याला सर्वांत आधी दिसतो. त्याला दिसल्यावर शेजाऱ्याला न दिसून चालत नाही. ‘फार स्पष्ट नाही, पण जाणवतोय’ हे वाक्य बहुतेक सुशिक्षित माणसांचं. आणि एखादे आजोबा काठी टेकत वर येतात, दोन मिनिटं बघतात आणि म्हणतात, ‘मला काही दिसत नाही बुवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.’ त्यांचा हेवा वाटतो.

धूमकेतूंचं आणखी एक मला कळलेलं नाही. त्यांना महाराष्ट्राचं पंचांग कुणी दाखवत का नाही? २०२०चा निओवाइज उत्तर गोलार्धातल्या लोकांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता असा देखणा. सप्तर्षींच्या खाली, संध्याकाळी, सहज दिसेल असा. महिना कोणता? जुलै. आपल्याकडे जुलैत सप्तर्षी आहेत हेसुद्धा श्रद्धेनेच मानावं लागतं. त्यात ते साल टाळेबंदीचं. बाहेर पडायला बंदी आणि वर ढगांनी संचारबंदी मोडलेली. सगळं युरोप आपापल्या गवताळ टेकड्यांवरून त्याचे फोटो टाकत होतं आणि आपण पागोळ्यांचा आवाज ऐकत ते फोटो पुढे पाठवत होतो. त्सुचिनशानला दसरा साधला, पण चारच दिवसांनी कोजागरी. वर्षातल्या ज्या रात्री अख्खा महाराष्ट्र स्वखुशीने गच्चीवर जागा असतो, त्याच रात्री चंद्राचा उजेड इतका की धूमकेतू पार फिका. मसाला दुधाचे पेले घेऊन लोक पूर्वेकडे तोंड करून बसले होते. पश्चिमेकडच्या पाहुण्याची कुणी चौकशीही केली नाही.

आणि २०२५चा लेमन. तो पृथ्वीच्या जवळ आला २१ ऑक्टोबरला. अमावस्या, चंद्राचा पत्ता नाही, आकाश खगोलप्रेमींनी मागून घ्यावं असं काळंभोर. फक्त त्या अमावस्येला आपण लक्ष्मीपूजन म्हणतो. सूर्यास्तानंतर तासाभराने पश्चिमेकडे बघायचं, म्हणजे बरोबर पूजेच्या मुहूर्ताला. ‘लक्ष्मी दारात आलीय आणि हे गच्चीवर कुणाची वाट बघतायत’ हा संवाद त्या दिवशी बऱ्याच घरांत झाला असावा. जे वर गेले त्यांना धूर दिसला. धुरातून रॉकेटं दिसली. शेपूट असलेली, सरसर वर जाणारी, रंग बदलणारी, आवाज करणारी. एका सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या वडिलांनी दहा मिनिटं खपून त्या धुरात लेमन कुठे असायला हवा ते दाखवलं. त्याने विचारलं, ‘हा कधी फुटणार?’

लेमन हे नाव अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या एका डोंगराचं, जिथून तो सापडला. आमच्याकडे मात्र चौकशी झाली की लिंबू आलंय तर मिरच्या कधी येणार.

बातम्यांमधली वर्षं ऐकून छाती दडपते. निओवाइज परत येणार सहा-सात हजार वर्षांनी. २०२३चा तो हिरवा धूमकेतू आला म्हणे पन्नास हजार वर्षांनी. त्सुचिनशान ऐंशी हजार. लेमन हजारेक. चारही पाच-सहा वर्षांच्या आत. आयुष्यात एकदाच येणारी संधी हल्ली इतक्या वेळा येते की रजा शिल्लक राहत नाहीत.

पण या बाबतीत सर्वांत मोठा पोपट झाला तो १९७३ साली. लुबॉश कोहौतेक या खगोलशास्त्रज्ञाने मार्चमध्ये धूमकेतू शोधला, तो डिसेंबरात सूर्याजवळ पोहोचणार होता, आणि कित्येक महिने आधीच ‘शतकातला धूमकेतू’ म्हणून त्याचा डंका पिटला गेला. न्यूयॉर्कहून ‘क्वीन एलिझाबेथ २’ या आलिशान जहाजाने खास धूमकेतू बघण्यासाठी तीन दिवसांची सफर काढली. भाषणं द्यायला विज्ञानलेखक आयझॅक असिमोव्ह होते. स्वतः कोहौतेकही जहाजावर होते. समुद्रावर ढग. पाऊस. कोहौतेकना बोट लागली आणि ते खोलीत पडून राहिले. म्हणजे प्रवाशांना धूमकेतू दिसला नाही, आणि ज्याच्या नावाचा धूमकेतू तो माणूसही धड दिसला नाही. नंतर धूमकेतू आला, पण शतकाला साजेसा काही आला नाही. पहिल्यांदाच सूर्याजवळ येणारे धूमकेतू दूर असताना उत्साहाने चमकतात आणि जवळ येता येता ढेपाळतात, हे तेव्हापासून लोकांच्या नीट लक्षात आलं. २०१३चा आयसॉन तर सूर्याला वळसा घालतानाच विखरून गेला. त्याच्याही बातम्या वर्षभर आधीपासून होत्या.

वराहमिहिर या बाबतीत सरळ माणूस. ‘बृहत्संहिते’त केतूंवर, म्हणजे धूमकेतूंवर, अख्खा अध्याय आहे आणि त्यात त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलंय की यांचं दिसणं आणि मावळणं गणिताने कळत नाही. ग्रहणाचं गणित मांडणाऱ्या परंपरेतला माणूस हे लेखी देतो, हे मोठंच आहे. केतू किती, तर काही म्हणतात १०१, काही म्हणतात हजार, आणि नारदाचं मत असं की केतू एकच, तोच वेगवेगळी रूपं घेऊन येतो. आमच्या गच्चीवरचे काका नारदाच्या संप्रदायातले. प्रत्येक धूमकेतूला ते ‘हाच तो, छ्याऐंशीचा’ म्हणतात. त्याच अध्यायात असंही आहे की केतू जितके दिवस दिसेल तितके महिने त्याचं फळ भोगावं लागतं. या सूत्राने लेमनचं फळ आमच्या सोसायटीला शून्य महिने. धूर आपल्या कामी येतो तो असा.

छ्याऐंशीबद्दल थोडं सांगायलाच हवं. पन्नाशीपुढच्या प्रत्येक मराठी माणसाने हॅलेचा धूमकेतू पाहिलेला आहे, आणि प्रत्येकाने तो अर्ध्या आकाशभर शेपूट पसरलेला पाहिलेला आहे. वास्तव असं, की १९८६ची हॅलेची फेरी गेल्या दोन हजार वर्षांतली सर्वांत फिकी. फेब्रुवारीत तो सूर्याजवळ होता तेव्हा पृथ्वी सूर्याच्या नेमकी पलीकडच्या बाजूला. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून गावाबाहेर गेलेल्यांना दक्षिणेला तो दिसला, पण त्यात वर्णन करण्याजोगं फार नव्हतं. मग त्या आकाशभर शेपटीचं काय? माझा अंदाज असा की ती १९९७ची आहे. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी वायव्येला हेल-बॉप दिसायचा, आणि तो शहरातल्या दिव्यांनाही जुमानत नव्हता. अठरा महिने तो नुसत्या डोळ्यांना दिसत होता. हेल आणि हॅले यांतला फरक स्मरणशक्तीने सोयीने मिटवला. काकांना हे सांगायचा एकदा प्रयत्न झाला. ते म्हणाले, ‘मी तेव्हा नोकरीला लागलो नव्हतो. म्हणजे छ्याऐंशीच.’ थोडं थांबून म्हणाले, ‘फोटोही आहे.’ फोटोत काका होते, मफलर होता, मागे काळोख होता.

१९१०मध्येही हेच झालं होतं. हॅले त्या वर्षी मेमध्ये जवळ आला, पण जानेवारीतच एक अनाहूत धूमकेतू येऊन दिवसाउजेडी दिसून गेला होता. पुढे आयुष्यभर ‘आम्ही १९१०चा हॅले पाहिला’ म्हणून सांगणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात तो जानेवारीवाला पाहिलेला. मेमध्ये पृथ्वी हॅलेच्या शेपटीतून जाणार आणि शेपटीत विषारी सायनोजेन वायू आहे म्हटल्यावर अमेरिकेत धूमकेतूवरच्या गोळ्या विकल्या गेल्या, लोकांनी दारांच्या फटी बुजवल्या. शेपटी इतकी विरळ असते की काहीच झालं नाही. गोळ्या घेतलेल्यांना त्या लागू पडल्या.

जे खरोखर धूमकेतू शोधतात, त्यांच्या कथा ऐकून मात्र वाटतं की या छंदात प्रयत्न हा अडथळाच असावा. ॲलन हेलने आयुष्यातले चारशेहून जास्त तास धूमकेतू शोधण्यात घालवले आणि एकही मिळाला नाही. १९९५च्या जुलैत एका रात्री तो भलतीच वस्तू बघत होता, तेव्हा हेल-बॉप समोर आला. त्याच रात्री तोच धूमकेतू टॉमस बॉपलाही दिसला. त्याच्याकडे स्वतःची दुर्बीण नव्हती, मित्राच्या दुर्बिणीला त्याने आळीपाळीत डोळा लावला होता. दोघंही मेसियेच्या यादीतला सत्तरावा पुंजका बघत होते. मेसियेची यादी धूमकेतू टाळण्यासाठी होती, हे पुन्हा सांगायला नको. जपानचा काओरू इकेया पियानोच्या कारखान्यात कामगार होता, त्सुतोमू सेकी गिटार शिकवायचा. १९६५मध्ये दोघांना स्वतंत्रपणे जो सापडला तो दिवसाही दिसला. आणि माझ्या मते या सगळ्यांचा शिरोमणी इंग्लंडमधल्या पीटरबरोचा शाळामास्तर जॉर्ज अल्कॉक. या माणसाला तीस हजार तारे पाठ होते असं सांगतात. म्हणजे आकाशात एखादा आगंतुक आला की त्याला लगेच कळायचं की हा आपल्या वर्गातला नाही. १९८३च्या मे महिन्यात त्याने आपला पाचवा धूमकेतू शोधला तो घरात बसून, बंद खिडकीच्या काचेतून, द्विनेत्रीने. बाहेर थंडी होती. हे मी गच्चीवर सांगितलं तेव्हा सेक्रेटरींना फार आवडलं. त्यांनी विचारलं, मग किल्ली कशाला हवी?

आता हेही दिवस गेले. बहुतेक धूमकेतू यंत्रं शोधतात आणि नावंही यंत्रांची लागतात: ॲटलस, पॅनस्टार्स, निओवाइज. माणसांसाठी उरलं ते बघणं. तरीही माणसं बघायला जातात, याचं मला खरंच कौतुक आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हे करतेय. मुंबईचं खगोल मंडळ हॅलेच्याच हंगामात, १९८५ला उभं राहिलं. त्यांच्या आकाशदर्शनासाठी कर्जत लाइनवर वांगणीला रात्रभर जागणारी माणसं मी ओळखतो. सतरंजी, थर्मास, माकडटोपी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले पराठे. शेवटची लोकल सोडून दिली की पहाटेपर्यंत सुटका नाही, त्यामुळे ढग आले तरी कुणी पळून जात नाही. ढग आल्यावर कुणीतरी वक्ता उठतो आणि ढगांमागे आत्ता काय काय असेल याची माहिती द्यायला लागतो. ही माहिती इतकी चांगली असते की लोक मान वर करून ढगांकडे बघत ऐकतात. पहाटे घरी आल्यावर ‘दिसला का?’ या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘थोडा वेळ.’

हॅले परत येतोय. सूर्याला वळसा घालायची त्याची तारीख आत्ताच ठरलेली आहे: २८ जुलै २०६१. या खेपेला पृथ्वी सोयीच्या बाजूला असेल, १९८६पेक्षा तो कितीतरी जास्त चमकेल, जगभर सोहळा होईल. महिना जुलै. म्हणजे कोकणात लावणी, घाटावर झड, पुण्यात खड्डे आणि मुंबईत लोकल उशिरा. काकांना हे कळलं तेव्हा ते मनापासून खट्टू झाले. मग त्यांनी पुढची तारीख विचारली. पुढची फेरी २१३४ची; मार्चअखेरीस तो सूर्याजवळून जाईल आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वीच्या इतका जवळ येईल की हजारएक वर्षांत तो इतका जवळ फिरकलेला नाही.

‘मे म्हणजे आकाश स्वच्छ,’ काका म्हणाले. ‘मुलांच्या परीक्षाही संपलेल्या असतात.’

सेक्रेटरी म्हणाले, तोपर्यंत इमारत रीडेव्हलपमेंटला गेलेली असेल, गच्ची मिळेलच असं लेखी देता येणार नाही. अर्ज मात्र आत्ता टाकून ठेवा.